गोथेनबर्गची जागतिक मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा: प्रवेशिकेपासून सर्कलपर्यंत

जागतिक मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेसाठी ‘निवड’ होत नाही, हे आधीच सांगून टाकते. गावात फ्लेक्स लागतात, पेपरात ‘जागतिक स्पर्धेसाठी निवड’ असं छापून येतं, आणि ज्यांना खरंच जायचं असतं ते आपलं बोलावणं कधी येतंय याची वाट बघत बसतात. वयाची ३५ वर्षं पूर्ण केलेलं कुणीही आपल्या देशाच्या संलग्न संघटनेमार्फत पैसे भरून नाव देऊ शकतं. पात्रतेचं अंतर नाही, पात्रतेची वेळ नाही. बोलावणं येणार नाही, आपणच जायचं.

२०२४ ची स्पर्धा १३ ते २५ ऑगस्ट या काळात स्वीडनमधल्या गोथेनबर्गला झाली. तिथे ५५ ते ५९ या महिला गटात थाळी आणि भाला टाकून आले. परतल्यापासून सांगली-कोल्हापूरकडच्या बऱ्याच मंडळींचे फोन येताहेत आणि प्रश्न तेच ते आहेत, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. आपल्याकडची माणसं मैदानात कमी आणि मैदानाबाहेर जास्त बाद होतात. कुणाचा व्हिसा स्पर्धा संपल्यावर येतो, कुणाची थाळी वजनात बसत नाही, कुणी कॉल रूमची, म्हणजे फेकीआधी हजेरी द्यायच्या खोलीची, वेळ चुकवतं. तेव्हा फेकीच्या तंत्रावर इथे फारसं काही मिळणार नाही.

सुरुवात वयोगटापासून. गट ५-५ वर्षांचे असतात आणि वय धरतात ते स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं, तुमच्या फेकीच्या दिवशीचं नाही. १३ ऑगस्टला ज्याला ५९ वर्षं आणि ३६४ दिवस झाले, तो पूर्ण स्पर्धा ५५ च्याच गटात खेळणार, मग वाढदिवसाचा केक गोथेनबर्गमध्येच कापला तरी. पुरुष फेकपटूंना हे फार महत्त्वाचं आहे, कारण गट बदलला की वजन बदलतं. ५० आणि ५५ च्या पुरुष गटांना गोळा ६ किलोचा, थाळी दीड किलोची, भाला ७०० ग्रॅमचा. ६० आणि ६५ ला गोळा ५ किलो, थाळी १ किलो, भाला ६००. ७० आणि ७५ ला गोळा ४ आणि भाला ५००, ८० च्या पुढे गोळा ३ आणि भाला ४००. थाळी तिथेही १ किलोच. बायकांचं सोपं आहे: ३५ ते ४९ मध्ये गोळा ४ किलो आणि भाला ६०० ग्रॅम, पन्नाशीनंतर गोळा ३ आणि भाला ५००. थाळी १ किलोचीच राहते, ती पंच्याहत्तरीला पाऊण किलोवर येते; तेव्हा गोळाही २ किलोचा आणि भाला ४०० ग्रॅमचा होतो. वर्षभर ज्या वजनावर सराव करायचा ते या हिशेबाने जानेवारीतच ठरवा. जिल्हा स्पर्धेत वापरलेलं साहित्य तिथे चालेलच असं नाही.

प्रवेशिका एप्रिलमध्ये भरली. ती ऑनलाइन असते, पण देशाच्या संलग्न संघटनेने मान्य केल्याशिवाय पक्की होत नाही. आपल्याकडे मास्टर्सच्या नावाने एकापेक्षा जास्त संघटना फिरत असतात, त्यामुळे कुणालाही पैसे देण्याआधी जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर सदस्य देशांची यादी उघडून भारतापुढे कोणाचं नाव आहे ते स्वतः बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पावतीवर विसंबू नका. शुल्क युरोत असतं: एक मूळ रक्कम आणि प्रत्येक प्रकारामागे वेगळी. उत्साहाच्या भरात पाच-पाच प्रकार भरणारे लोक पाहिलेत. पन्नाशीनंतर दोन पुरे, तिसरा भरायचाच तर दोन प्रकारांत मोकळा दिवस मिळतोय का ते वेळापत्रकात बघून.

इथे बायकांसाठी एक खास गोष्ट. प्रवेशिकेतलं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर भरा. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, बँकेच्या पासबुकात नाव आधी, निवृत्तीवेतनाच्या कागदावर लग्नाआधीचं नाव आणि पासपोर्टवर मधे पतीचं नाव, असा गोंधळ घराघरात असतो. आयोजकांकडून येणारं निमंत्रणपत्र प्रवेशिकेतल्या नावाने तयार होतं आणि तेच पत्र व्हिसाला जोडायचं असतं. नावं जुळत नसतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावं. खर्च थोडा आहे, पण ऐन वेळी त्यासाठी तहसीलला धावायला वेळ नसतो.

मेमध्ये एक काम करायचं जे जवळपास कुणीच करत नाही: रोजच्या औषधांची यादी तपासणं. मास्टर्समध्येही उत्तेजक चाचणी होते आणि ती फक्त पदकविजेत्यांचीच होते असं नाही. आपल्या वयात रक्तदाबाची गोळी घरोघरी असते. टेल्मिसार्टन किंवा अम्लोडिपिन एकटं असेल तर अडचण नाही. मात्र त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थालिडोन मिसळलेलं असेल तर ते मूत्रल औषध आहे आणि बंदी यादीत आहे. इंडापामाइडचंही तेच. गोळीच्या नावाच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरं दिसली की पाकिटाची मागची बाजू वाचाच. इन्सुलिनवर कायम बंदी आहे, मेटफॉर्मिनवर नाही. हृदयासाठी घेतली जाणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंद आहेत, अ‍ॅथलेटिक्समध्ये चालतात. गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही. ट्रायमसिनोलोन असेल तर किमान १० दिवस आधी झालेलं हवं. वेदनाशामकांपैकी ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद झालंय. ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते सर्रास असतं. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० ही मर्यादा.

यादीत असं काही निघालं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगून पर्यायी औषध महिना-दोन महिने आधी सुरू करा, म्हणजे दाब स्थिर होतो. पर्याय नसेल, इन्सुलिनला नसतोच, तर उपचारासाठी वापराची सवलत मागायची असते. तिला टीयूई म्हणतात. त्यासाठी निदानाचे जुने कागद, तपासण्यांचे अहवाल आणि डॉक्टरांचं सहीशिक्क्यानिशी पत्र लागतं. जिममधली भुकटी आणि ‘ताकदीची’ आयुर्वेदिक कॅप्सूल यांचा विषयच नको. आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता व्हिसा. खरी झोप उडवतो तो हाच. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेत, पण गरज वाटल्यास ते पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. म्हणजे ऑगस्टच्या प्रवासासाठी फेब्रुवारीतच दार उघडतं. तरीही सगळे थांबतात ते निमंत्रणपत्रासाठी आणि मग उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत सापडतात. मुंबईच्या अर्ज केंद्रावर मला १८ जूनची वेळ मिळाली. ११ जूनपासूनच शुल्क ८० चं ९० युरो झालं होतं, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ हजारांच्या थोडं वर, शिवाय केंद्राचा सेवा आकार वेगळा.

फाइल लावताना आपण स्वतः लिहिलेलं पत्र सर्वांत वर: कोण, कुठे, कशासाठी, किती दिवस, खर्च कोणाचा, परत का येणार. एक पान पुरतं. त्याखाली अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, पासपोर्ट आणि जुने पासपोर्ट. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मग निमंत्रणपत्र, प्रवेशिका भरल्याची पावती, राहण्याचं आरक्षण, विमानाचं आरक्षण, ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्क्यासह आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश जोडावा. नोकरीत असाल तर रजा मंजुरीचं पत्र, आणि त्यावर नुसतं ‘रजा मंजूर’ नको, कोणत्या तारखेला पुन्हा कामावर रुजू होणार ते हवं. स्टेटमेंटमध्ये शेवटच्या आठवड्यात अचानक आलेले दोन-तीन लाख रुपये फार वाईट दिसतात. मुलाने पैसे दिले असतील तर त्याचं प्रायोजकत्वाचं पत्र आणि त्याची कागदपत्रं सरळ जोडा.

विमानाचं आरक्षण म्हणजे पूर्ण पैसे भरलेलं तिकीट असा अनेकांचा समज असतो. रद्द करता येणारं किंवा काही दिवस राखून ठेवलेलं आरक्षण चालतं. हॉटेलही मोफत रद्द होणारंच घ्या. व्हिसा लागला की मग पक्कं करा. भाडं थोडं वाढतं, पण पूर्ण तिकीट बुडण्यापेक्षा ते परवडतं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आणि ते एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात. पासपोर्ट हातात यायला जुलैचा दुसरा आठवडा उजाडला. या काळात फोन करून काही उपयोग होत नाही. सराव चालू ठेवावा, एवढंच आपल्या हातात.

सरावाबद्दल एकच. गोथेनबर्ग स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, ऑगस्टमध्ये तिथे पारा अठरा-वीसच्या आसपास असतो आणि पाऊस केव्हाही येतो. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस लागला की लोक मैदान सोडून जिममध्ये जातात. नेमकं तेव्हाच ओल्या सर्कलमध्ये, म्हणजे फेकीच्या वर्तुळात, टाकायला शिकून घ्यावं. थाळीच्या बुटाचा गुळगुळीत तळवा ओल्या सिमेंटवर साबणासारखा सरकतो. दोन टॉवेल लागतात, एक हात-थाळीसाठी आणि एक बुटांच्या तळव्यासाठी, आणि दुसरा पहिल्यात मिसळायचा नाही. वळसा थोडा आखूड, पाय थोडे जवळ. भाला टाकणाऱ्यांनी किमान काही सत्रं तरी सिंथेटिक धावपट्टीवर करावीत, मग त्यासाठी बालेवाडीला जावं लागलं तरी. मातीवर मोजलेला रन-अप सिंथेटिकवर पाऊल-दोन पावलं पुढे जातो, कारण पाय रुतत नाही.

साहित्य न्यायचं की नाही? आयोजकांकडे सगळ्या वजनाचं साहित्य असतं. ५०० ग्रॅमचा भाला २ मीटर ते २.१० मीटर लांब असतो, म्हणजे तो सामानाच्या पट्ट्यावर साध्या बॅगेसारखा जात नाही. न्यायचाच असेल तर चार इंची पीव्हीसी पाइप, दोन्ही बाजूंना टोपणं, आत टोकाला फोमचा जाड तुकडा, आणि विमान कंपनीची लेखी मंजुरी. ती संपूर्ण प्रवासाची घ्या. मुंबईहून निघणारं मोठं विमान पाइप घेतं आणि युरोपातलं पुढचं छोटं विमान नाकारतं, तिथे पाइप अडकतो. भाला नेला नाही, तिथलाच वापरला. थाळ्या मात्र आपल्याच बऱ्या, हाताला कडेची सवय असते. थाळी आणि गोळा कधीही हातातल्या बॅगेत ठेवू नका. सुरक्षा तपासणीत थांबवतात आणि मग तिथेच सोडून यावं लागतं. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. कडेला ठेवली तर बॅगही फाटते आणि थाळीची कडही ठेचते.

निघण्याआधी साहित्याचं वजन करा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर करू नका. ओळखीच्या सराफाकडे जा. त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १ किलोची थाळी ठेवली की खरं काय ते कळतं. मेरठ-जालंधरहून येणारं साहित्य नवं असताना बहुधा बरोबर असतं. दगडगोट्यांच्या मैदानात दोन-तीन मोसम काढले की कड घासते आणि वजन ९९६, ९९४ असं खाली येतं. नियम सरळ आहे: १.००० किलोपेक्षा एक ग्रॅमही कमी चालत नाही. म्हणून उत्पादकांनी १.००५ ते १.०२५ या मर्यादेत थाळी बनवायची असते. व्यास १८० ते १८२ मिलिमीटर, मधली जाडी ३७ ते ३९. कडेला खाच असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, पण घासल्यावर पुन्हा वजन करा. हातोड्याचं दुखणं उलटं: वापराने तार ताणली जाते आणि लांबी वाढते. ३ किलोच्या हातोड्याला एकूण लांबीची कमाल मर्यादा ११९५ मिलिमीटर आहे, ती चार-पाच मिलिमीटरने ओलांडलेली असते आणि टाकणाऱ्याला पत्ताही नसतो. जोडीला नवी तार ठेवा.

खाण्याचं सामान नेताना लक्षात ठेवा की युरोपियन संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट, चटण्या, पोहे चालतात; लाडू तेलातले असतील तर तेही.

पहिल्या फेकीच्या किमान तीन दिवस आधी पोचावं. भारताचं घड्याळ उन्हाळ्यात स्वीडनच्या साडेतीन तास पुढे असतं, म्हणजे पहिले दोन दिवस पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. लँडव्हेटर विमानतळावरून बस थेट शहरातल्या निल्स एरिकसन स्थानकावर येते. पुढे सगळं ट्रामने. प्रादेशिक वाहतुकीच्या अ‍ॅपवर तिकीट काढायचं. चलन क्रोना आहे, युरो नाही, आणि बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत. फॉरेक्स कार्डात क्रोना भरून न्या. तेव्हा एक क्रोना आठ रुपयांच्या आसपास होता. स्वयंपाकघर असलेली खोली तिघींनी मिळून घेतली तर जेवणाचा खर्च निम्म्याहून खाली येतो. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

मुख्य मैदान स्लॉट्सकोगेन उद्यानाला लागून असलेलं स्लॉट्सकोगस्वालेन. शिवाय उलेवी हे दुसरं मैदान. आठ हजारांच्या आसपास खेळाडू असल्यावर एका मैदानावर भागत नाही, त्यामुळे आपली फेक कोणत्या मैदानावर आहे हे वेळापत्रकात दोनदा बघा आणि आदल्या दिवशी तिथपर्यंत ट्रामने जाऊन या. पासपोर्ट दाखवला की ओळखपत्र आणि चेस्ट नंबरचं पाकीट मिळतं. पुढच्या बाजूचा आपला क्रमांक, पाठीवरचा वयोगट. दोन्ही लावावे लागतात, चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिन, घडी घालायची नाही. देशाचा टी-शर्ट सक्तीचा आहे, क्लबचा चालत नाही.

पाकीट मिळालं म्हणजे झालं असं समजून लोक शहर बघायला जातात आणि इथेच पहिला झटका बसतो. आपण खरंच उतरणार आहोत हे आदल्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत पक्कं करायचं असतं. ते केलं नाही तर यादीतून नाव जातं, आणि एकदा गेलं की विनवण्या करून परत येत नाही. सात हजार किलोमीटरवरून आलोय हे सांगून काही होत नाही. तिथे सगळेच कुठून तरी आलेले असतात. फोनला गजर लावा. तांत्रिक माहिती केंद्र, सगळे टीआयसी म्हणतात, कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. वेळेतले बदल, यादी, तक्रार, सगळं तिथेच.

साहित्य तपासणी फेकीच्या बरीच आधी असते. टेबलामागे दोन पंच, समोर काटा, धातूची कडी आणि खाचेचं माप. थाळी काट्यावर ठेवतात आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघतात. मग कडीतून फिरवतात, जाडी खाचेत घालून बघतात, आणि शेवटी एक पंच डोळे मिटल्यासारखे करून अंगठा कडेवरून पूर्ण गोल फिरवतो. खाच सापडते ती या अंगठ्याला. पास झाली की तिच्यावर खूण करून, पावती देऊन ती ठेवून घेतात आणि थेट मैदानावर पाठवतात. नापास झाली तर वेगळ्या पेटीत जाते आणि स्पर्धेनंतरच परत मिळते. आमच्या गटात एकीचा ३ किलोचा गोळा वीसेक ग्रॅमने कमी भरला. तिने मग आयोजकांचा वापरला.

पास झालेलं तुमचं साहित्य स्पर्धा संपेपर्यंत सगळ्यांचं असतं. तुमची आवडती थाळी जर्मनीच्या बाईंनी उचलली तर हरकत घेता येत नाही. तशीच त्यांची तुम्हालाही उचलता येते, आणि जरूर उचलावी. रॅकवर दहा-बारा प्रकारच्या कडा हाताळायला मिळतात, एवढं आपल्याकडच्या कुठल्याच दुकानात मिळत नाही.

वेळापत्रकात छापलेली वेळ फेकीची. कॉल रूमची वेळ वेगळी आणि बरीच आधीची, आणि हजेरी तिथलीच धरतात. एक तास सराव, मग कॉल रूम, असा उलटा हिशेब लावायचा. आत गेल्यावर फोन, इअरफोन, स्मार्ट घड्याळ काहीही चालत नाही. बाहेर सोबतीला द्या किंवा पिशवीत बंद करून जमा करा. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, उलटे करून दाखवायचे. सिंथेटिकवर खिळ्याची लांबी जास्तीत जास्त ९ मिलिमीटर, भाला आणि उंच उडीला १२. मातीवर वापरायचे लांब खिळे तसेच घेऊन आलेल्यांना तिथे बसून पान्याने एकेक खिळा बदलावा लागतो आणि पान्याची रांग लागते. स्वतःचा पाना आणि खिळ्यांची डबी पिशवीत असू द्या. बोटांना पट्टी लावली असेल तर दाखवा: प्रत्येक बोटाला वेगळी चालते, दोन बोटं एकत्र बांधलेली चालत नाहीत. हातमोजे फक्त हातोड्याला. नंतर एका रांगेत, गप्प, मैदानाकडे. आपल्याकडे फेकीआधी सगळे एकमेकांशी बोलत असतात. तिथली शांतता नवख्याला जड जाते.

थाळीला सरावाच्या फेकी मिळतात त्या क्रमानेच, पंच बोलावतील तेव्हा. सर्कलमधून टाकायच्या प्रकारांना खूण एकच ठेवता येते, तीही बाहेर जमिनीवर, आणि खडूने नाही. नाव पुकारलं की मिनिटभराचं घड्याळ सुरू होतं आणि शेवटचे १५ सेकंद उरले की पिवळा झेंडा वर जातो. तो दिसला म्हणून घाई करायची नाही, १५ सेकंद पुष्कळ असतात. पावसात सर्कल पुसायला माणसं असतात, पण बूट आपणच पुसायचे. थाळी पडेपर्यंत आतच थांबायचं आणि मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं. नवखी मंडळी फाउल होतात ती बहुतेक याच एका कारणाने: फेक चांगली गेली की आनंदाने पुढूनच बाहेर. लाल झेंडा. सेक्टर, म्हणजे फेक ज्या दोन रेषांच्या आत पडायला हवी तो भाग, ३४.९२ अंशांचं आहे, आपल्याकडच्या जुन्या मैदानांवर आखलेल्या ४० अंशांच्या मानाने ते डोळ्याला बरंच अरुंद दिसतं. घरी चुन्याने खरं सेक्टर आखून सराव करावा. सर्कलच्या केंद्रापासून सेक्टरच्या दोन्ही रेषांवर ११-११ मीटर मोजलेत तर त्या दोन टोकांमधलं अंतर ६.६० मीटर असतं. दर मीटरला ६० सेंटिमीटर असा सोपा हिशेब आहे.

तीन फेकींनंतर पहिल्या आठजणींना आणखी तीन मिळतात. पहिली फेक बिनफाउल ठेवायची, बाकी डाव नंतर. माझ्या तीन झाल्या आणि यादी लागली. पुढच्या तीन फेऱ्या बाकावर बसून बघितल्या. साठीकडे झुकलेल्या बायका पूर्ण दीड वळसा घेऊन ज्या तोलाने थांबतात ते बघायला मिळणं हेही प्रवासाचं मोल आहे.

भाल्याला धावपट्टीच्या कडेला दोन खुणा ठेवता येतात, त्यासाठी स्वतःची रंगीत चिकटपट्टी न्या. भाला पकडीवर धरून खांद्यावरून टाकायचा, टोक आधी टेकलं पाहिजे. तिथला भाला हातात घेतल्यावर पकडीची दोरी आपल्यापेक्षा जाड किंवा बारीक लागते, म्हणून सरावाच्या फेकीत दोन वेगळे भाले उचलून बघावेत. वारा समोरून असेल तर टोक खाली ठेवा. हलका भाला वाऱ्यात नाक वर करतो आणि मागच्या बाजूने पडतो. भाला पडल्यावर धावपट्टीवर चार मीटर मागे गेलात तरी ते योग्य बाहेर पडणंच धरतात. मापताना सेंटिमीटरच्या खालचं सोडून देतात. पंचाशी पटत नसेल तर तिथल्या तिथे तोंडी हरकत घ्या आणि खूण मोजून ठेवायला सांगा. झेंडा लाल असतानाही ती नोंद ठेवता येते. लेखी तक्रारीला निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटं असतात.

उत्तेजक चाचणीसाठी निवड झाली तर चाचणीवाल्यांचा एक सोबती येऊन सही घेतो आणि तेव्हापासून नमुना देईपर्यंत तो सावलीसारखा मागे असतो. ओळखपत्र आणि औषधांची यादी जवळ हवी, आणि फक्त सीलबंद पाणी प्यायचं. पदक असो वा नसो, निकालपत्राची प्रत टीआयसीमधून किंवा संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. पुढच्या व्हिसाच्या वेळी ‘खरंच खेळलो’ हे सांगायला त्याच्याइतका चांगला कागद नाही.

खर्चाचं ढोबळ: विमान सत्तर हजारांच्या पुढे, राहणं वाटणीत पन्नास-पंचावन्न, प्रवेशिका आणि पोशाख मिळून वीस-बावीस, व्हिसा-विमा दहा-बारा, जेवण आणि ट्राम वीस-पंचवीस. पावणेदोन ते दोन लाखांत बसतं. सरकारी मदत मिळेल या हिशेबाने कर्ज काढू नका. गावच्या बँकेकडून किंवा पतसंस्थेकडून प्रायोजकत्व मागायचं असेल तर मार्चअखेरच्या आधी, म्हणजे त्यांच्या वार्षिक तरतुदीत नाव बसतं.

पुढची मैदानी स्पर्धा २०२६ मध्ये दक्षिण कोरियात डेगूला आहे. २०११ ची मुख्य जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तिथेच झाली होती. गोथेनबर्गच्या उलट तिथे ऑगस्टअखेरीस उकाडा आणि दमट हवा असते, त्यामुळे आपल्याला तिथे हवामान कमी छळेल. व्हिसा कोरियाचा, कागद जवळपास हेच. ज्यांना जायचंय त्यांनी पासपोर्टची मुदत आजच बघा आणि औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जाऊन या.